जुन्या वस्त्यांचा शल्यचिकित्सक

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा. तेथील किल्ल्याच्या टेकडीवरून उतरत जाणाऱ्या 'रॉयल माइल' या पुरातन रस्त्याच्या माथ्यावर रामसे गार्डन नावाचा घरांचा एक पुंजका आहे. पांढरा गिलावा, तांबडी कौले, लाकडी सज्जे, मधेच एखादा बुरूज, मधेच भिंतीतून पुढे डोकावणारी खिडकी. शहराचे छायाचित्र खालच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून घेतले, की किल्ल्यासोबत ही घरेही त्यात येतातच. एडिंबराचा हा जुना भाग १९७७ साली संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि १९९५ मध्ये शेजारच्या नव्या नगरासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. रामसे गार्डनची नोंद संरक्षित इमारतींच्या सर्वोच्च श्रेणीत आहे. त्यामुळे तेथील एखाद्या घरमालकाला लाकडी चौकटीची खिडकी काढून प्लॅस्टिकची बसवायची असेल, दर्शनी भिंतीचा रंग बदलायचा असेल किंवा छपराला नवा झरोका पाडायचा असेल, तर आधी महापालिकेकडे नकाशे जोडून अर्ज करावा लागतो. परवानगी मिळेलच, असे नाही.

यातील गंमत अशी, की ही घरे ज्याने उभारली त्याने स्वतः एका ऐतिहासिक वास्तूचा चेहरामोहरा पार बदलून टाकला होता. ॲलन रामसे या अठराव्या शतकातील कवीचे अष्टकोनी घर या जागी होते. त्याच्या आकारावरून गावकरी त्याला थट्टेने 'गूज पाय' म्हणत. १८९० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्या घराला पोटात घेऊन, त्याच्या सर्व बाजूंनी चढत जाणारी ही नवी वसाहत उभी राहिली. त्या काळी एडिंबरात बांधकामांवर नजर ठेवायला 'डीन ऑफ गिल्ड' नावाचे न्यायपीठ होते. पण भिंत पडणार नाही ना आणि शेजाऱ्याचा हक्क बुडत नाही ना, एवढेच ते पाहत असे. कवीच्या घराचे जुने रूप राखले जाते की नाही, हा प्रश्न विचारणारा कायदा तेव्हा नव्हता. आजच्या नियमांखाली असा आराखडा मंजूर झाला असता, असे मानणे कठीण आहे.

ही घरे उभारणारे पॅट्रिक गेडिस ना वास्तुविशारद होते, ना अभियंता. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि त्यांच्याकडे कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. तरीही जुन्या वस्तीतील घराला हात लावायचा तर किती, कोठे आणि कोणाला विचारून, या प्रश्नाचा त्यांच्याइतका चिवट पाठपुरावा त्यांच्या पिढीत फारसा कोणी केला नाही. त्या प्रश्नाने त्यांना तंजावर, इंदूर आणि मुंबईपर्यंत आणले.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी ॲबर्डीनशायरमधील बॅलाटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. मूल तीन वर्षांचे असताना कुटुंब पर्थ शहरी आले आणि किनूल टेकडीवरच्या एका छोट्या घरात राहू लागले. घराला बाग होती. वडिलांच्या हाताखाली त्या बागेत जे शिक्षण झाले, तेच पुढे आयुष्यभर पुरले, असे त्यांचे चरित्रकार मानतात. शाळा संपल्यावर वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी दीडेक वर्ष बँकेत नोकरी केली. मग एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्रासाठी नाव घातले आणि आठवडाभरात ते सोडून दिले. वाळलेल्या पानांची वर्गवारी हे त्यांच्या मते शास्त्र नव्हते. त्यांना जिवंत झाड, त्याची माती आणि त्याच्या आसपासचे जीवजंतू एकत्र पाहायचे होते. ही दृष्टी त्यांना लंडनमध्ये टी. एच. हक्सली यांच्या प्रयोगशाळेत आणि नंतर फ्रान्समध्ये मिळाली.

१८७९ साली नमुने गोळा करण्यासाठी ते मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी अचानक गेली. कित्येक आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत बसून काढावे लागले. खिडकीच्या तावदानांवरून बोटे फिरवताना त्या चौकोनांमध्ये विचारांची मांडणी करण्याची त्यांना सवय लागली. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास काम करणे पूर्वीसारखे जमेना. कागदाला घड्या घालून त्या चौकोनांत स्थळ, काम आणि माणसे यांचे परस्परसंबंध लिहीत बसण्याचा छंद मात्र मरेपर्यंत टिकला. सहकाऱ्यांना तो बराच जाचक वाटे.

एडिंबराचे जुने नगर तोवर दुरवस्थेला पोहोचले होते. एकेकाळी सरदार, न्यायाधीश आणि मोलमजूर एकाच उंच इमारतीच्या वेगवेगळ्या मजल्यांवर राहत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेला आखीव नवे नगर वसले, पैसेवाले तिकडे गेले आणि मागे उरलेल्या मजल्यांच्या खोल्या करून त्या गरिबांना भाड्याने दिल्या गेल्या. नोव्हेंबर १८६१ मध्ये हाय स्ट्रीटवरील अशीच एक जुनी इमारत मध्यरात्री कोसळून ३५ माणसे दगावली. शहर हादरले. पुढे हेन्री लिटलजॉन या वैद्यकीय अधिकाऱ्याने १८६५ मध्ये आरोग्यस्थितीचा सविस्तर अहवाल दिला आणि १८६७ मध्ये शहर सुधारणेचा कायदा झाला. सुधारणा म्हणजे पाडापाड. अरुंद बोळ मोडून रुंद रस्ते काढले गेले आणि त्यांच्या कडेला नव्या दर्शनी इमारती उभ्या राहिल्या. घरे गेलेली कुटुंबे बहुतेककरून शेजारच्या उरलेल्या बोळांत शिरली आणि तिथली गर्दी आणखी वाढली. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने मुंबईत जे केले, त्याचीच ही तीस वर्षे आधीची आवृत्ती होती.

१८८६ साली गेडिस यांचा विवाह ॲना मॉर्टन यांच्याशी झाला. ॲना लिव्हरपूलच्या व्यापारी घराण्यातील, संगीत जाणणाऱ्या आणि पतीपेक्षा कितीतरी व्यवहारी होत्या. दुसऱ्याच वर्षी हे जोडपे प्रिन्सेस स्ट्रीटवरील चांगले घर सोडून जुन्या नगरातील जेम्स कोर्ट या चौकात राहायला गेले. डेव्हिड ह्यूम आणि जेम्स बॉस्वेल यांची घरे एकेकाळी याच चौकात होती. १८८७ साली मात्र तेथे घाण, दारिद्र्य आणि गर्दी होती. पहिल्या मुलीच्या जन्माच्या वर्षीच नवरा-बायकोने अशा ठिकाणी बिऱ्हाड मांडावे, याचे आप्तेष्टांना नवल वाटले असणार. दोघांनी आपल्या खोल्या दुरुस्त केल्या, मग शेजाऱ्यांना हाताशी धरून जिने धुतले, भिंतींना चुना लावला, खिडक्यांना रंग दिला, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. हा काही दिखाऊपणा नव्हता. पाडून टाकण्याच्या लायकीची म्हणून नोंदलेली इमारत थोड्या खर्चात राहण्याजोगी होऊ शकते, हे त्यांना सिद्ध करायचे होते, आणि त्यासाठी स्वतः तिथे राहणे त्यांना आवश्यक वाटले.

गेडिस यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या एडिंबरा सोशल युनियन या संस्थेने लंडनच्या ऑक्टेव्हिया हिल यांची पद्धत उचलली होती. मोडकळीस आलेली घरे चालवायला घ्यायची, स्वयंसेवक स्त्रियांनी आठवड्याला जाऊन भाडे गोळा करायचे, भाडेकरूंच्या तक्रारी ऐकायच्या आणि भाड्याच्या पैशातूनच दुरुस्त्या करत जायच्या. काम हळू चाले, पण त्यासाठी कोणाला घर सोडून जावे लागत नसे.

त्यानंतरच्या दहा वर्षांत गेडिस यांनी रॉयल माइलच्या वरच्या टोकाला अनेक ठिकाणी हात घातला. विद्यार्थ्यांसाठी स्वतःच चालवायची वसतिगृहे त्यांनी जुन्या घरांत उघडली. रिडल्स कोर्ट हे त्यांतले एक. १६२२ साली बांधलेले लेडी स्टेअर्स हाउस महापालिकेच्या सुधारणा योजनेत पाडले जाणार होते. गेडिस यांनी लॉर्ड रोझबेरी यांना गाठून ते विकत घ्यायला लावले, आणि घर वाचले. १८९२ मध्ये त्यांनी किल्ल्याजवळची एक मनोऱ्याची इमारत घेतली. तिच्या माथ्यावर प्रतिमा पाडणारी काळोखी खोली आधीपासूनच होती. तेथे पांढऱ्या मेजावर साऱ्या शहराचे हलते चित्र उमटते. पाहुण्यांनी आधी वर जाऊन शहर डोळ्यांनी पाहावे, मग एकेक मजला उतरत एडिंबरा, स्कॉटलंड, इंग्रजी बोलणारे देश, युरोप आणि शेवटी जग यांची मांडणी पाहावी, अशी त्यांची 'आउटलुक टॉवर'ची कल्पना होती. मनोरा अजून उभा आहे आणि पर्यटकांची तेथे झुंबड असते, फक्त आतले प्रदर्शन आता दृष्टिभ्रमांचे आहे.

जपणुकीविषयी त्यांची भूमिका त्या काळच्या दोन्ही पक्षांपेक्षा वेगळी होती. एका बाजूला पाडणारे अभियंते होते. दुसऱ्या बाजूला विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेली पुरातन वास्तू रक्षणाची संस्था होती. जुन्या इमारतीची डागडुजी करावी, पण जीर्णोद्धाराच्या नावाखाली तिला नवा साज चढवू नये, असा तिचा कटाक्ष होता. गेडिस यांना इमारत जिवंत झाडासारखी वाटे. झाडाची वाळलेली फांदी छाटावी, नव्या फुटीला जागा द्यावी. खोड मात्र तोडू नये. यालाच ते जपणुकीची शस्त्रक्रिया म्हणत. वस्तीतील सर्वांत धोकादायक अशी मोजकी घरे काढायची, त्यांच्या मोकळ्या जागी चौक किंवा बाग करायची, उजेड आणि वारा आत येऊ द्यायचा आणि बाकीची घरे दुरुस्त करून त्यांत राहत्या माणसांना राहू द्यायचे. बोळ वाकडा असेल तर वाकडाच राहू द्यायचा.

तत्त्व असे सुबक असले, तरी त्यांच्या हातून झालेली कामे तितकी सोवळी नव्हती. लेडी स्टेअर्स हाउसचे १८९७ मधील काम इतके मोकळ्या हाताने झाले, की त्यात जुने किती आणि नवे किती, हे सांगणे अवघड जावे. रामसे गार्डनविषयी तर अधिक गंभीर आक्षेप घेता येतो. प्राध्यापक आणि गरीब कुटुंबे पुन्हा एका वस्तीत नांदावीत, हे गेडिस यांचे स्वप्न होते. पण रामसे गार्डनची घरे गरिबाला परवडणारी कधीच नव्हती. त्यांचे स्वतःचे बिऱ्हाडही तेथे बारा खोल्यांचे होते. वस्ती सुधारली की तिचे भाडे वाढते आणि ज्यांच्यासाठी सुधारली तेच बाहेर जातात, या पेचातून त्यांना वाट सापडली नाही. पैशाच्या बाबतीत तर ते अगदीच बेफिकीर होते. कर्जे इतकी वाढली, की १८९६ मध्ये मित्रांनी टाउन अँड गाऊन असोसिएशन ही कंपनी काढून त्यांच्या मिळकती आपल्या ताब्यात घेतल्या.

या साऱ्या उद्योगांना वेळ मिळे तो डंडीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमुळे. मार्टिन व्हाइट या मित्राने दिलेल्या देणगीतून तेथे त्यांच्यासाठी वनस्पतिशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले होते, आणि त्यांना केवळ उन्हाळी सत्रात शिकवावे लागे. १८८८ पासून १९१९ पर्यंत ते या पदावर होते. उरलेले नऊ महिने शहरांचे. १९१० मध्ये लंडनच्या नगररचना प्रदर्शनात त्यांनी एडिंबराचे दालन मांडले, मग शहरांचे फिरते प्रदर्शन सुरू केले आणि १९१३ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे त्यासाठी सुवर्णपदक मिळवले. घर बदलायचे तर आधी वस्तीची पाहणी करा, हा त्या प्रदर्शनाचा मुख्य सांगावा होता.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ च्या शरदात, साठीला पोहोचलेले गेडिस थोरला मुलगा ॲलास्डेर याला घेऊन भारताकडे निघाले. प्रदर्शनाचे नकाशे आणि चित्रे 'क्लॅन ग्रँट' नावाच्या दुसऱ्या जहाजावर होती. महायुद्ध सुरू झाले होते. 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले आणि पंचवीस वर्षांची मेहनत समुद्राच्या तळाशी गेली. ब्रिटनमधील मित्रांनी घाईने नवा संग्रह जमवून धाडला आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन उघडले देखील.

भारतातही त्यांना एडिंबराच दिसले. इथल्या अभियंत्यांनी इंग्लंडातील सरळ रेघेची सुधारणा तशीच्या तशी आणली होती. दाट वस्तीच्या नकाशावर पट्टी ठेवायची, रस्ता आखायचा, मधे येतील ती घरे पाडायची. त्यात भर म्हणजे घरांच्या मागून भंग्यांसाठी गल्ल्या काढण्याचा आग्रह. या गल्ल्या घरांची परसे खात आणि शेवटी उकिरड्याचे रूप घेत. गेडिस सकाळी हातात नकाशा घेऊन बाहेर पडत, ऊन कलेपर्यंत बोळाबोळांतून हिंडत, आणि कोणते घर मजबूत आहे, कोणते पडीक आहे, कोठे विहीर आहे, कोठे पार आहे, याची नोंद करत. अरुंद बोळ म्हणजे रोगट बोळ, हे समीकरण त्यांनी कधी मान्य केले नाही. उष्ण प्रदेशात बोळातच सावली असते आणि प्रत्येक घराला अंगण असेल तर हवा-उजेड आतून मिळतो, हे त्यांच्या ध्यानी आले. तुळशीवृंदावनाचेही त्यांना मोठे अप्रूप होते. रोज सारवलेले, पाणी घातलेले ते रोप त्यांना घरगुती स्वच्छतेची सर्वांत जुनी संस्था वाटे.

तंजावरचा त्यांचा अहवाल या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. भोसल्यांच्या या जुन्या राजधानीत किल्ल्याच्या आतील दाट वस्तीतून चौकटीच्या आखणीचे रस्ते काढण्याची नगरपालिकेची योजना होती. पहिल्या टप्प्यालाच ३० हजार रुपये लागणार होते. गेडिस यांनी तीच वस्ती घर न घर पाहून काढली. काही पडकी घरे काढली, मधल्या मोकळ्या जागा जोडल्या, बोळांची टोके थोडी रुंद केली, तर सुमारे एकषष्ठांश खर्चात काम भागते आणि बहुतेक घरे जागच्या जागी राहतात, असे त्यांनी दाखवून दिले. घर पाडण्याचा खर्च नगरपालिकेच्या जमाखर्चात फक्त नुकसानभरपाईपुरताच दिसतो. उठवलेल्या कुटुंबाचा गेलेला शेजार आणि नव्या जागेचे वाढीव भाडे त्यात दिसत नाही. हा हिशेब मांडण्याची सवय गेडिस यांनी लावली. नंतरच्या काळात पुनर्वसनाविषयी जे लिहिले गेले, त्यातले बरेचसे या अहवालांत आधीच आलेले आहे.

याच वर्षी, १९१५ मध्ये, मुंबई इलाख्यात देशातील पहिला नगररचना कायदा झाला आणि इलाख्यातील काही शहरांचीही त्यांनी पाहणी केली. सहा शहरांवरचे त्यांचे ते अहवाल महाराष्ट्र शासनाने छापले, ते मात्र १९६५ साली, पन्नास वर्षांनी.

सर्वांत प्रसिद्ध प्रसंग होळकरांच्या इंदुरातला. तुकोजीराव महाराजांनी त्यांना शहराचा आराखडा करायला बोलावले, तेव्हा गावात प्लेग होता आणि परका साहेब नकाशा घेऊन फिरतो म्हणजे घरे पाडायला आला, असे लोक समजत. मुले त्यांना पाहून पळत. गेडिस यांनी एक दिवसापुरता शहराचा कारभार मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक ठरवली. मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा नसेल. जी गल्ली सर्वांत स्वच्छ आणि जिची घरे उत्तम दुरुस्त केलेली असतील, तिच्यातून ती जाईल, अशी दवंडी पिटवली गेली. लोकांनी आपापली घरे झाडली, डागडुजी केली, रंगवली, कचरा गाड्यांनी बाहेर नेला. मिरवणुकीत राक्षसांसोबत पिसवांनी भरलेला प्रचंड उंदीरही होता आणि शेवटी त्याचेही दहन झाले. पांढऱ्याशुभ्र पोशाखातील सफाई कामगार हार घालून सन्मानाने चालले आणि घरोघर लावायला तुळशीची रोपे वाटली गेली. त्यानंतर प्लेग ओसरला. ऋतू बदलल्यानेही तो ओसरला असता, हे खरे. पण एकाही नोटिशीशिवाय एका शहरातील घरांची एवढी दुरुस्ती कोणत्याही नगरपालिकेने तोवर करून दाखवली नव्हती. १९१८ मध्ये इंदूर दरबाराला दिलेला त्यांचा अहवाल दोन खंडांचा आहे.

हे काम चालू असतानाच त्यांच्या घरावर आघात झाले. १९१७ च्या वसंतात ॲलास्डेर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. त्याच सुमारास कलकत्त्यात ॲना विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिस यांनी मुलगा गेल्याचे त्यांना कळू दिले नाही. उशिरा पोहोचणारी त्याची जुनी पत्रे ते उशाशी बसून त्यांना वाचून दाखवत. जूनमध्ये ॲना गेल्या. जेम्स कोर्टच्या जिन्यांपासून प्रत्येक उद्योगाचा हिशेब ज्यांनी सांभाळला होता, त्या गेल्यावर गेडिस यांच्या कामातील विस्कळीतपणा वाढला, हे त्यांच्या पत्रव्यवहारातही दिसते.

१९१९ साली ते डंडी सोडून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. भारतातील समाजशास्त्राचा पहिला विभाग म्हणून तो ओळखला जातो. मुंबई तेव्हा इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या पाडापाडीतून आणि सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट अशा नव्या रस्त्यांतून जात होती. गेडिस यांना वर्गासाठी याहून चांगले उदाहरण मिळाले नसते. मात्र व्याख्याते म्हणून ते कठीण होते. दाढीतल्या दाढीत बोलत, विषयातून विषयात जात, आणि परीक्षेची त्यांना पर्वा नव्हती. माणसाची पारख मात्र अचूक होती. मालवणचा गोविंद सदाशिव घुर्ये हा संस्कृतचा तरुण अभ्यासक मुंबई शहरावर निबंध घेऊन आला, तेव्हा त्याला विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला पाठवण्याची शिफारस गेडिस यांनी केली. १९२४ मध्ये ते गेल्यावर विभागाची धुरा डॉ. घुर्ये यांच्याकडे आली आणि पुढची पस्तीस वर्षे देशातील समाजशास्त्र्यांच्या पिढ्या तेथून बाहेर पडल्या. गुरूचा नगररचनेचा ध्यास मात्र शिष्याकडे तितकासा आला नाही.

सरकारी अभियंत्यांना गेडिस नकोसे होते. नवी दिल्लीचे शिल्पकार एडविन ल्यूटेन्स यांना तर ते मुळीच खपत नसत. त्यांनी दिलेले बहुतेक अहवाल कपाटात गेले. पॅलेस्टाइनमध्ये थोडे वेगळे घडले. १९२५ मध्ये तेल अवीवसाठी त्यांनी केलेली आखणी बरीचशी प्रत्यक्षात आली. उरलेली वर्षे त्यांनी दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे स्वतः स्थापन केलेल्या विद्यालयात घालवली. तेथेही दगड रचून नवी खोली बांधणे आणि बाग लावणे चालूच होते. पूर्वी एकदा नाकारलेली 'सर' ही पदवी त्यांनी १९३२ च्या आरंभी स्वीकारली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला तेथेच त्यांचे निधन झाले.

जॅकलीन टिरविट यांनी १९४७ साली त्यांच्या भारतीय अहवालांतील निवडक भाग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, तेव्हा युद्धात बेचिराख झालेल्या युरोपातील नगररचनाकारांनी तो वाचला. तोवर पाडून नवे बांधणे हीच सर्वत्र रीत झाली होती. तिच्याविरुद्ध प्रतिक्रिया यायला आणखी वीस वर्षे गेली. १९६७ मध्ये चर्चिल यांचे एकेकाळचे जावई डंकन सँडिस यांनी खासगी विधेयक म्हणून मांडलेला नागरी सौंदर्यविषयक कायदा ब्रिटिश संसदेने मंजूर केला आणि एकट्या इमारतीऐवजी संपूर्ण वस्तीला संरक्षण देण्याची सोय झाली. पहिले संरक्षित क्षेत्र लिंकनशायरमधील स्टॅमफर्ड. हा कायदा गेडिस यांच्या लेखनातून थेट निघाला, असे म्हणता येणार नाही. पण घर एकटे नसते, त्याचा बोळ, चौक आणि झाड मिळून ते घर होते, हा विचार मांडणाऱ्या पहिल्या मोजक्या माणसांत ते होते. संरक्षित क्षेत्रात साधे घर पाडायलाही संमती लागते, आणि झाड तोडायचे तर सहा आठवडे आधी कळवावे लागते. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला हे कलम नक्कीच आवडले असते.

त्यांना न आवडणारेही या व्यवस्थेत पुष्कळ आहे. हे नियम दर्शनी भागावर फार बोलतात आणि आत राहणाऱ्यावर फार कमी. थंडीत कुडकुडणाऱ्या भाडेकरूला दुहेरी काचेची खिडकी हवी असते आणि कार्यालयाला जुन्या तावदानांची जाडी मोजायची असते. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली, सहाशेहून अधिक वास्तू श्रेणींमध्ये बसवल्या गेल्या आणि फेरबदलांसाठी वारसा समितीची शिफारस आवश्यक ठरली. फोर्टच्या दगडी कमानी त्यामुळे वाचल्या, यात शंका नाही. मात्र २०१२ मध्ये प्रस्तावित यादीत शिवाजी पार्क आणि दादर-माटुंग्याचा भाग आला, तेव्हा विरोध बिल्डरांनी केला त्याहून अधिक तेथील रहिवाशांनी केला. गळणारे छप्पर आणि जुनाट नळ बदलायला आता कोणाच्या दारात उभे राहायचे, ही त्यांची भीती होती, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. गेडिस नकाशा घेऊन आधी घराघरांत जात आणि मग यादी करत. इथे यादी आधी वर्तमानपत्रातून कळली.

एडिंबरासमोर सध्या याच्या उलट अडचण आहे. तेथे भिंती आणि खिडक्या उत्तम राखल्या गेल्या, जुने नगर देखणे झाले, आणि त्या देखणेपणामुळेच राहती घरे पर्यटकांना चार-चार दिवसांसाठी भाड्याने जाऊ लागली. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये महापालिकेने साऱ्या शहराला नियंत्रण क्षेत्र जाहीर केले. मालक स्वतः राहत नसलेले घर अशा अल्पमुदतीच्या भाड्याला लावायचे, तर त्याच्या एकाही विटेला धक्का लागणार नसला, तरी आता तेथे नगररचना विभागाची परवानगी घ्यावी लागते.